सिग्नल गाड्या मोजतो, माणसं कोण मोजणार?

संपादक साहेब, नमस्कार.

सिग्नल आता एआयवर चालणार, चौकात थांबायची वेळ कमी होणार, अशी बातमी पेपरात महिन्या-दोन महिन्यांनी असतेच. वाचून बरं वाटतं, खोटं कशाला बोलू. पण मी पुण्यात रोज धनकवडीहून बसने स्वारगेटला आणि तिथून पुढे मेट्रोने जाणारी बाई, मला एकच विचारायचंय, हा हुशार सिग्नल नेमकं मोजतो काय?

माझा भाचा याच लाइनमध्ये आहे, त्याने समजावलं. जुना सिग्नल म्हणजे नुसतं घड्याळ, रस्ता रिकामा असो नाहीतर तुंबलेला, ठरलेले सेकंद झाले की बदलणार. नवा कॅमेऱ्यातून बघतो की कुठल्या बाजूला किती गाड्या साठल्यात आणि त्याप्रमाणे हिरवा कमी-जास्त करतो, शिवाय पुढच्या चौकाशी जुळवून घेतो, म्हणजे एकदा हिरवा मिळाला की पुढचे दोन-तीन मिळत जातात. यात नवीन काही नाही, कॅमेरा नसला तरी गाड्या मोजून सिग्नल बदलणं इंग्लंड-ऑस्ट्रेलियात 1970 च्या दशकापासून आहे. आपल्याकडेही स्मार्ट सिटीच्या पैशातून सव्वाशेच्या आसपास चौकांत बसवलंय. जानेवारी 2016 मध्ये स्मार्ट सिटीची पहिली यादी आली तेव्हा भुवनेश्वरच्या खालोखाल पुणं होतं, पेढे वाटायचेच बाकी राहिले होते. पुढे टॉमटॉम नावाच्या नकाशावाल्या कंपनीची 2024 ची ट्रॅफिकची यादी आली, पुण्यात 10 किलोमीटर जायला सरासरी 33 मिनिटं 22 सेकंद, जगात चौथा नंबर. याही यादीत आम्ही वरच! ताशी 18 किलोमीटर झाले हो ते, माझे वडील सायकलवर जवळपास तेवढ्याच स्पीडने जायचे, हँडलला भाजीच्या दोन पिशव्या अडकवून.

तर मुद्दा असा की त्या कॅमेऱ्याला बस म्हणजे एक गाडी आणि कार म्हणजे पण एक गाडी. आता सकाळी आमच्या बसमध्ये दाराला लोंबकळणारे धरून साठेक जण असतात, शेजारच्या कारमध्ये एकच साहेब एसी लावून फोनवर बोलत बसलेले, आणि दोघांना हिरवा सारखाच. माणसं मोजली तर बस आधी सुटायला पाहिजे की नको? आणि हे काय फार अवघड नाहीये, पीएमपीच्या (आमच्या सिटी बसच्या) गाड्यांमध्ये जीपीएस आहे, बस कुठवर आली ते अॅपवर मला दिसतं मग सिग्नलला का दिसू नये, बस जवळ आली की हिरवा पाच-दहा सेकंद लांबवायचा, बास. झुरिकमध्ये ट्रामला असा मान कित्येक वर्षं मिळतोय. आपण बससाठी वेगळी लेन करून बघितली, 2006 साली कात्रज-स्वारगेट-हडपसर बीआरटी देशात सगळ्यात आधी आपल्याकडे सुरू झाली, आणि नंतर नगर रोडची तर उखडूनच टाकली. 1 जून 2025 पासून कमीत कमी तिकीट 5 चं 10 झालं, ते पण आम्ही मुकाट्याने देतोय. निदान सिग्नलला तरी आमची किंमत कळू द्या.

आणि पायी जाणाऱ्यांचं तर विचारूच नका. माझी आई 76 वर्षांची, गुडघ्याचं ऑपरेशन झालेली. आमच्याजवळच्या एका चौकात (नाव नको, सगळीकडे तेच आहे) मी मोबाईलवर टायमर लावून मोजलं, चालणाऱ्यांचा हिरवा 15 सेकंद. इंजिनियर लोक हिशोबाला चालायचा वेग सेकंदाला 1.2 मीटर धरतात म्हणे, म्हणजे 30 मीटरचा रस्ता असेल तर धडधाकट माणसालाच 25 सेकंद लागणार, आईचं तर सोडूनच द्या. ती डिव्हायडरपर्यंत पोचते आणि तिथेच उभी राहते, दोन्हीकडून गाड्या, हातात औषधांची पिशवी, पुढचा हिरवा येईपर्यंत. त्यात डावीकडे वळणारे तर कधी थांबतच नाहीत. खांबावर एक बटण आहे, ते दाबल्यावर काय होतं हे आजवर आमच्यापैकी कोणालाच कळलेलं नाही, पोरं येताजाता दाबतात.

सिंगापूरमध्ये 2009 पासून म्हाताऱ्या माणसांनी आपलं सवलतीचं कार्ड खांबाला टेकवलं की हिरवा काही सेकंद वाढतो. लंडनमध्ये 2014 साली कॅमेऱ्याने फुटपाथवर थांबलेली माणसं मोजून, गर्दी जास्त असेल तर त्यांचा हिरवा लांबवायची ट्रायल घेतली. म्हणजे कॅमेरा तोच हो, फक्त तोंड फुटपाथकडे केलं. आपल्याकडे मुंबईत 2020 साली दादर-माहीमच्या सिग्नलवर पुरुषाऐवजी बाईचं चित्र आलं, चांगलं वाटलं, पण रस्ता ओलांडायला चित्र बदलून चालत नाही, सेकंद वाढावे लागतात.

म्हणून तुम्हाला एक विनंती. पुढच्या वेळी एआय सिग्नलची बातमी आली की तुमच्या बातमीदाराला एवढंच विचारायला सांगा की कुठल्या चौकात चालणाऱ्यांना किती सेकंद देणार आणि बसला किती, आणि उत्तर जे मिळेल ते चौकाच्या नावासकट छापा. आईला मी वाचून दाखवीन.

आपली,
एक बसप्रवासी, धनकवडी, पुणे