विषय: शस्त्रक्रियेनंतर आमच्या कुत्रीच्या श्वासाकडे झालेले दुर्लक्ष

प्रति,
मा. व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग,
मुंबई

महोदय,

आमची पग कुत्री चिंगी हिची गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया आपल्या पशुरुग्णालयाच्या दादर शाखेत झाली. शस्त्रक्रिया व्यवस्थित झाली, टाकेही छान आहेत. माझी तक्रार आहे ती त्यानंतरच्या देखरेखीबद्दल.

मला आत बोलावले तेव्हा चिंगी पिंजऱ्यात कुशीवर पडली होती. मान छातीकडे दुमडलेली, हिरड्या जांभळट, दर श्वासाला घशात घरघर आणि बरगड्यांखाली खोल खड्डा. भूल देताना श्वासासाठी घशातून घातलेली नळी काढून टाकली होती आणि जवळ कोणीही नव्हते. ऑक्सिजन मोजायचा चिमटासुद्धा जिभेला लावलेला नव्हता. मदतनिसाला हाक मारली तर म्हणाला, "मॅडम, पग घोरतातच." मी आरडाओरडा केल्यावर डॉक्टर धावत आले. त्यांनी तिला पोटावर घेतले, मान सरळ केली, जीभ बाहेर ओढून ऑक्सिजन लावला, तरी भागेना म्हणून पुन्हा नळी घातली. त्या डॉक्टरांची मी मनापासून ऋणी आहे.

पण ही वेळ यायलाच नको होती. पग, बुलडॉग, शिह त्झू यांच्या नाकपुड्या अरुंद असतात आणि टाळूचा मऊ भाग इतका लांब असतो की तो श्वासनलिकेच्या तोंडावर येतो. भुलीने घशाचे स्नायू सैल पडतात, त्यात नळीमुळे सूज आली तर वाट बंदच होते. म्हणून अशा कुत्र्याची नळी तो पुरता जागा होऊन ती चावू लागेपर्यंत ठेवतात आणि नंतरही माणूस शेजारून हलत नाही. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या मोठ्या पाहणीत भुलीशी संबंधित कुत्र्यांच्या मृत्यूंपैकी जवळपास निम्मे शस्त्रक्रियेनंतर झालेले होते. आपल्या डॉक्टरांना हे मी सांगावे असे नाही. मग माणूस का नव्हता?

बिलात मात्र 'शस्त्रक्रियेनंतरची देखरेख' असा वेगळा आकार लावला आहे! पोटातले पाणी घशाशी येऊन फुप्फुसात गेल्याने चिंगीला न्यूमोनिया झाला, त्याच्या औषधांचा आणि ऑक्सिजनचा खर्चही आमच्याच माथी. संमतीपत्रावर मी भुलीचा धोका मान्य केला होता. तिला एकटी टाकायला संमती दिली नव्हती.

भुलीच्या नोंदींची प्रत मला द्यावी. त्यात नळी काढल्याची वेळ आणि त्यानंतरची ऑक्सिजनची मापे असायलाच हवीत. देखरेखीचे आणि न्यूमोनियाच्या उपचारांचे पैसे परत करावेत. चपट्या नाकाच्या प्रत्येक कुत्र्याजवळ तो स्वतः मान धरून बसेपर्यंत प्रशिक्षित माणूस राहील, हे लेखी कळवावे. पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास मी महाराष्ट्र राज्य पशुवैद्यक परिषदेकडे आणि ग्राहक आयोगाकडे दाद मागणार आहे.

कळावे,
चिंगीची पालक, माहीम

सोबत: बिलाची व संमतीपत्राची प्रत