गुरुवारी राणीच्या बागेत जायचंय

ती. आई आणि बाबांना
साष्टांग नमस्कार.

हे सगळं फोनवरही सांगता आलं असतं. पण फोनवर बाबा "बघू" म्हणून रिसीव्हर आईकडे देतात आणि आई म्हणते, "त्यांनाच विचार." म्हणून लिहून पाठवतेय. येत्या गुरुवारी आपण भायखळ्याला राणीच्या बागेतलं भाऊ दाजी लाड संग्रहालय बघायला जायचंय. गाडी सांगून ठेवली आहे. आणि व्हीलचेअर भाड्याने घेतली आहे.

बाबा, पत्र खाली ठेवू नका. पुढे वाचा.

कौपिनेश्वराच्या देवळाच्या पायऱ्यांवर जे झालं, ते मी काढत नाही. पण तेव्हापासून तुम्ही तलावपाळीची फेरीसुद्धा सोडलीत, हे आईने सांगितलं नसतं तरी मला कळलं असतं. डॉक्टरांनी चालायला मनाई केलेली नाही, फार वेळ उभं राहायला केली आहे. आणि संग्रहालयात माणूस चालतो कुठे? उभाच राहतो. त्यातून तुम्ही प्रत्येक पाटीचं शेवटचं अक्षर वाचणार. खुर्ची त्या उभं राहण्यासाठी आहे. बागेच्या फाटकापासून आत तुम्ही चालतच या, मी खुर्ची रिकामी ढकलत आणीन. आयुष्यभर गोदीत क्रेनवर बसलात, एवढंसं खोकं असलं तरी "हाताने कशाला, क्रेन आहे ना" म्हणायचात. मग स्वतःच्याच गुडघ्यांना हमाली का लावता?

मी आधी एकटी जाऊन सगळं बघून आले आहे. आत खाली गुळगुळीत फरश्या आहेत, चाकं अडत नाहीत. जिथे पायऱ्या लागतील तिथे खुर्चीतून उतरायचं आणि एका बाजूने माझा, दुसऱ्या बाजूने जावयांचा हात धरायचा. वरचा मजला या वेळी नाही. मला माहीत आहे, जुन्या मुंबईचे नकाशे आणि ती पगड्या-पागोट्यांची मातीची माणसं वरच आहेत, आणि तुम्हाला तीच बघायची असणार. पण एका दिवसात सगळं उरकायला आपण परीक्षेला बसलेलो नाही. खालचा मजला नीट बघू. हिरव्या भिंती, सोनेरी नक्षी, लोखंडी खांब. 2003 ते 2008 अशी पाच वर्षं दुरुस्ती चालली होती, आणि 2005 साली युनेस्कोचा पुरस्कारही मिळाला. महापालिकेची वास्तू इतकी लखलखीत असू शकते, हे बाबांनी डोळ्यांनी बघितल्याशिवाय पटायचं नाही. आई, तुझ्यासाठी तिथे जुन्या बॉम्बे पॉटरीच्या बरण्या आणि सुरया आहेत. तुझ्या लोणच्याच्या बरणीपुढे त्या काय म्हणशील ते म्हण, पण जरा हळू आवाजात.

आणि हत्ती. तो बाहेर आवारातच आहे, त्यासाठी एक पायरी चढायची नाही. बाबा, तुम्ही मला खांद्यावर घेऊन तो दाखवायचात आणि दर वेळी तीच गोष्ट सांगायचात. घारापुरीचा हा दगडी हत्ती, ह्याच्यावरूनच पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटलं. 1864 साली इंग्रज तो विलायतेला न्यायला निघाले, उचलताना क्रेनची साखळी तुटली आणि हत्तीचे तुकडे झाले. मग ते तुकडे पडून राहिले आणि 1914 साली जोडले गेले. एवढं झालं की तुम्ही चिडायचात, "वजनाचा अंदाज न घेता उचललाच कसा!" जणू तो क्रेनवाला तुमच्याच पाळीतला होता. मी तुमचे केस घट्ट धरून बसलेली असायचे आणि मला वाटायचं, बाबा असते तर हत्ती पडला नसता. अजूनही थोडं तसंच वाटतं.

मागे लॉर्ड लोकांचे पुतळे आहेत, शहरातून हलवलेले. बागेतच खरा काळा घोडाही आहे, वर बसलेल्या सातव्या एडवर्डसकट. 1965 साली तो काळा घोडा चौकातून काढला. आई, तू नेहमी विचारतेस ना, काळा घोडा म्हणतात मग घोडा गेला कुठे? तो इथे आहे. आता तिकडे 2017 पासून नवा बसवलाय, त्याच्यावर स्वार नाही.

आणि भाऊ दाजी स्वतः डॉक्टर होते, तेव्हा निदान त्यांच्या दारात तरी डॉक्टरांचं ऐकलं पाहिजे. लोकांकडून वर्गणी जमवून, नाना शंकरशेटांसारख्यांना सोबत घेऊन त्यांनी हे उभं केलं. 1872 साली उघडलं तेव्हा नाव मात्र राणीचं आणि तिच्या नवऱ्याचं होतं. भाऊंचं नाव लागायला 1975 उजाडलं. बाबा, ह्यावर तुमचं एक भाषण होणार हे धरूनच मी वेळ काढला आहे.

खर्चाचं विचारू नका. दादाशी बोलले आहे, त्याच्याकडे तक्रार करून उपयोग नाही. नेरूळहून ठाण्याला यायला कितीसा वेळ लागतो, तरी माझं येणं सणावारी होतं, हे आई बोलत नसली तरी मला समजतं. हा अख्खा दिवस मी रजा टाकून तुमच्यासाठी ठेवलाय. तेव्हा मोडता घालू नका.

आता ऐका. बुधवारी संग्रहालय बंद असतं आणि रविवारी बागेत पाय ठेवायला जागा नसते, म्हणून गुरुवार. सकाळी साडेआठला गाडी खाली येईल. लोकलने जाऊ म्हणायचं नाही, भायखळ्याचा पूल मला चढवायचा नाहीये. लालबागच्या पुलावरून गाडी थेट सोडेल. बाबा, कानाचं यंत्र लावायचं, खिशात ठेवायचं नाही. चपला नकोत, पट्ट्याचे बूट घाला. बीपीची गोळी नाश्त्यानंतर, आणि दुपारची डबीत. आई, मेतकूट-भात आणि ताक एवढंच घे; पुऱ्या, बटाट्याची भाजी, चिवडा असलं काही बांधू नकोस. थर्मास मी आणते. जिना उतरताना आई पुढे, बाबा मागे, आणि कठडा दोघांनीही धरायचा. येताना मामलेदारची मिसळ मागू नका. मागितलीत तर मी देणार नाही, आणि जावई देतील म्हणून त्यांनाही सांगून ठेवलं आहे.

बाबा, तुम्हाला खुर्ची अगदीच नको झाली तर आई बसेल. तिला मी विचारलं आहे, ती लगेच हो म्हणाली.

तुमची,
चिमी