छापखान्यातल्या वॉशच्या डब्यात काय आहे, ते तपासा

प्रति,
मा. कामगार मंत्री, महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय: सोलापुरातील ऑफसेट छापखान्यांत वापरली जाणारी मशीन धुण्याची द्रावणे (वॉश) आणि पित्तनलिकेचा कर्करोग

महोदय,

पित्तनलिकेच्या कर्करोगाची बरीचशी कारणे आरोग्य खात्याच्या वाट्याची आहेत: नलिकेचा जन्मजात फुगवटा, यकृतातल्या नलिकांमधले खडे, नलिका आक्रसत नेणारा जुनाट दाह, सिरॉसिस, हिपॅटायटिस बी आणि सी. एक कारण मात्र थेट आपल्या खात्याचे आहे. ते म्हणजे शाई पुसायला वापरले जाणारे 1,2-डायक्लोरोप्रोपेन हे क्लोरीनयुक्त द्रावण.

जपानमधल्या ओसाका येथील एका छापखान्यात प्रूफ छापणाऱ्या कामगारांना हा कर्करोग झाल्याचे 2012 मध्ये उघडकीस आले. त्यांतले बरेच जण पंचविशी ते पंचेचाळिशीतले होते. एरवी हा साठीनंतरचा आजार. प्रूफ छापताना रंग सतत बदलतो आणि प्रत्येक वेळी ब्लँकेटवरची (कागदावर शाई उतरवणाऱ्या मशीनमधल्या रबरी पत्र्यावरची) शाई पुसावी लागते. पुसायला हेच द्रव्य, काही वर्षे त्याच्या जोडीला डायक्लोरोमिथेन हे दुसरे क्लोरीनयुक्त द्रावण, आणि खोलीत मोकळी हवा जवळजवळ नाही. जपान सरकारने 2013 मध्ये हा व्यावसायिक आजार मानला. 2014 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने या द्रव्याला गट 1 मध्ये, म्हणजे माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांत टाकले.

सोलापुरात लग्नपत्रिका, कॅलेंडरे, चादरी-टॉवेलची लेबले आणि खोकी छापणारे ऑफसेट छापखाने गल्लोगल्ली आहेत. चार-सहा माणसांच्या छापखान्यापर्यंत कारखाना निरीक्षक पोचत नाही. वॉश सुटा घेतला की डब्यावर रासायनिक नावच नसते आणि मशीनमनला फक्त ‘शाई लवकर निघते’ एवढेच कळते. डायक्लोरोमिथेनसारखी काही क्लोरीनयुक्त द्रावणे लवकर उडतात, लवकर पेट घेत नाहीत, म्हणून ती सुरक्षित वाटतात. खरी गफलत इथेच होते.

या द्रव्याची वाफ हवेपेक्षा जवळजवळ चौपट जड असते. ती जमिनीलगत साचते, त्यामुळे छताजवळचा एक्झॉस्ट पुरेसा नाही. हवा मशीनच्या पातळीवर आणि खालून खेचली पाहिजे. सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो, तेव्हा उघड्या डब्यातून आणि ओल्या चिंध्यांतून वाफ आणखी वेगाने निघते. तोंडाला बांधलेला रुमाल वाफ अडवत नाही; सेंद्रिय वाफेचे कार्ट्रिज असलेला मास्क लागतो आणि कार्ट्रिज वेळेवर बदलावे लागते. साधे नायट्राइल हातमोजे क्लोरीनयुक्त द्रावणापुढे फार टिकत नाहीत.

आमची पहिली मागणी: औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाने सोलापुरात विकल्या जाणाऱ्या वॉश आणि थिनरचे नमुने घेऊन गॅस क्रोमॅटोग्राफीने (मिश्रणातले घटक वेगळे करून ओळखण्याच्या पद्धतीने) तपासावेत. 78-87-5 (1,2-डायक्लोरोप्रोपेन) आणि 75-09-2 (डायक्लोरोमिथेन) हे दोन कॅस क्रमांक, म्हणजे रसायनांचे ओळख क्रमांक, शोधायचे आहेत. ही द्रव्ये सापडली तर छापखान्यांसाठी त्यांची विक्री थांबवा आणि वनस्पती तेलावर आधारित, कमी उडणारा वॉश सुचवा. तो पुसायला थोडा जास्त वेळ घेतो, हे मालकांना आधीच सांगितलेले बरे. घटकांची नावे डब्यावर मराठी, तेलुगू आणि कन्नड अशा तिन्ही भाषांत हवीत, कारण मशीनवरची माणसे या तिन्ही भाषांतली आहेत. वॉशचा डबा आणि चिंध्यांची बादली, दोन्हींना झाकण सक्तीचे करा.

दुसरी मागणी जुन्या कामगारांसाठी. संपर्क सुरू झाल्यापासून साधारण 7 ते 20 वर्षांनी हा आजार दिसला आहे, तोवर माणसाने काम सोडलेले असू शकते. म्हणून नोंदवही छापखान्याची नव्हे, माणसाची ठेवा. वर्षातून एकदा बिलिरुबिन, एएलटी, अल्कलाइन फॉस्फेटेज, गॅमा-जीटी या यकृत-पित्ताच्या रक्ततपासण्या आणि पोटाची सोनोग्राफी एवढे तरी करावे. गॅमा-जीटी वाढलेले दिसले तर ते दारूवर ढकलून मोकळे न होता कामाची चौकशी करावी. कावीळ, पांढरट शौच आणि अंगाला खाज घेऊन छापखान्यातला माणूस आला, तर ‘काय काम करता?’ हा प्रश्न केसपेपरवर छापलेलाच असावा.

नमुने दिवाळीपूर्वी घ्यावेत. त्यानंतर कॅलेंडरांचा हंगाम चढतो, पाळ्या लांबतात आणि ब्लँकेट दिवसातून कितीतरी वेळा पुसले जाते.

आपले,
सोलापुरातील छपाई व कामगार आरोग्य क्षेत्रातील कार्यकर्ते