जनगणना आयुक्तांना खुले पत्र : 'जातो' म्हणजे किती दिवस जातो?

मा. महानिबंधक व जनगणना आयुक्त, भारत सरकार यांस,

सादर नमस्कार.

२०११ च्या जनगणनेत मी प्रगणक, म्हणजे घरोघरी जाऊन माहिती नोंदवणारा, होतो. शिक्षकाला हे काम चुकत नाही, त्याबद्दल तक्रारही नाही. महानगरातल्या एका दाट वस्तीत एका आईने आपल्या पंधरा वर्षांच्या मुलाबद्दल सांगितलं, "जातो की शाळेत." मुलगा समोरच बसून शर्टांना बटणं लावत होता. दुपारचे बारा वाजले होते, वार बुधवार. तिने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे पाहिलं आणि 'शाळा' या उत्तराचा १ हा आकडा लिहिला. घरचे सांगतील ते लिहायचं, उलटतपासणी करायची नाही, असंच आम्हाला शिकवलं होतं. कदाचित त्याची शाळा सकाळची असेलही. पण माझ्या कागदावर ते कळायला जागाच नव्हती.

शिक्षणसंस्थेत जातो का, या रकान्यात पर्याय होते : शाळा, महाविद्यालय, व्यवसाय प्रशिक्षण, दिव्यांगांसाठी विशेष संस्था, साक्षरता केंद्र, इतर. न जाणाऱ्यांसाठी दोन : आधी जात होता, कधीच गेला नाही. कुठे जातो हे विचारलं, किती जातो हे नाही. पटावर नाव असणं आणि वर्गात असणं यातलं अंतर कुठल्याही वर्गशिक्षकाला विचारा. जनगणनेच्या तक्त्यात मात्र ते पुसलं जातं.

मोठ्या शहरात ही गफलत जास्त नडते. सहा ते चौदा या वयात शिक्षणहक्क कायद्याचा धाक आहे, त्यामुळे नाव बहुधा कुठे ना कुठे लागलेलं असतं. चौदाच्या पुढे तो धाक संपतो आणि शहरात हाताला काम लगेच मिळतं. गळती तिथे सुरू होते, पण एका दिवसात नाही. मूल आधी सोमवारी येत नाही, मग आठवड्यातून दोनदा येतं, मग फक्त परीक्षेला. या सगळ्या काळात तुमच्या तक्त्यात ते 'शाळेत जाणारं'च राहतं.

वरच्या वयात उलटा घोळ. उच्च शिक्षणाच्या २०२१-२२ च्या अखिल भारतीय सर्वेक्षणात १८ ते २३ वयोगटाचं सकल नोंदणी प्रमाण, म्हणजे त्या वयाच्या दर शंभर लोकसंख्येमागे उच्च शिक्षणातले विद्यार्थी, देशासाठी २८.४, तर चंडीगडसाठी ६४.८ होतं. चंडीगडची मुलं इतकी पुढे? काही असतीलही. पण आकड्यात वर मोजतात तिथल्या महाविद्यालयांतले विद्यार्थी, आणि त्यात पंजाब, हरियाणा, हिमाचलमधून आलेलेही असतात. खाली मोजतात शहराची त्या वयाची लोकसंख्या, तीही अंदाजित, कारण शेवटची खरी मोजणी २०११ ची. शिकायला आलेला तरुण शहराची सरासरी उंचावतो आणि त्याच शहरातल्या वस्तीत वाढून दहावीनंतर थांबलेली मुलगी त्या सरासरीत दिसेनाशी होते. इंग्लंड-वेल्सच्या जनगणनेत विद्यार्थ्याला सत्रकाळात जिथे राहतो त्या पत्त्यावर मोजतात आणि तशी वेगळी नोंद ठेवतात. आपल्याकडे निदान 'शिकण्यासाठी या शहरात आला का' हे उत्तर हजेरीच्या तक्त्याशी जोडून छापता येईल. स्थलांतराचं कारण तुम्ही विचारताच, त्यात शिक्षण हा पर्यायही असतो.

शिकवणीचं काय, हा वेगळाच प्रश्न. २०२५ च्या राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणात शहरी विद्यार्थ्यांपैकी ३०.७ टक्के खासगी शिकवणी घेणारे निघाले, ग्रामीण भागात २५.५. अकरावी-बारावीची कित्येक मुलं कॉलेजच्या पटावर आणि दिवसभर क्लासमध्ये असतात. 'कुठे जातो' याचं त्यांचं खरं उत्तर कोणतं, हे मलाही नीट सांगता येणार नाही.

आणखी एक. येत्या जनगणनेतली लोकगणना, म्हणजे माणसांची मोजणी, देशाच्या बहुतेक भागात फेब्रुवारी २०२७ मध्ये होणार आहे. फेब्रुवारीत बोर्डाच्या परीक्षा तोंडावर असतात, दहावी-बारावीची मुलं अभ्यासाच्या सुटीवर घरी. त्यामुळे 'काल गेला होता का' असं विचारून चालणार नाही, नाहीतर सगळं शहरच शाळाबाह्य ठरेल!

म्हणून माझी मागणी छोटी आहे. 'जातो' असं उत्तर आलं की एकच उपप्रश्न विचारा : दिवाळी ते जानेवारी या काळात साधारण आठवड्याला किती दिवस? अमेरिकेचं जनगणना खातं आपल्या वार्षिक सर्वेक्षणात 'गेल्या तीन महिन्यांत' अशी मुदत घालूनच शाळेबद्दल विचारतं, म्हणजे मुदत घालणं अशक्य नाही. या वेळची मोजणी मोबाइल ॲपवर आहे, एक उपप्रश्न जोडायला नवा कागद छापावा लागणार नाही. आणि महानगरांचे आकडे वॉर्डनिहाय, एकेका वर्षाच्या वयाप्रमाणे द्या. 'पाच ते एकोणीस' असा एकच गठ्ठा केला, तर चौदा आणि पंधरामधली फट कधीच दिसणार नाही.

प्रगणकांच्या प्रशिक्षणात माझ्यासारख्या कुणाला बोलावलंत, तर त्या बटणं लावणाऱ्या मुलाच्या दारात नेमकं कसं विचारायचं, ते सांगायला मी येईन.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, २०११ चा प्रगणक