पेरमिलीच्या वाटेवरील अनामिकांचे आभार

गेल्या जानेवारीत आम्ही सांगलीहून भामरागडला निघालो, तेव्हा गडचिरोलीचे नाव ऐकताच नातेवाइकांनी काढलेले उद्गार इथे लिहिण्याजोगे नाहीत. १९८२ साली चंद्रपूरपासून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याची आमच्याकडची ओळख नक्षलवादाच्या बातम्यांपुरतीच आहे आणि खरे सांगायचे तर माझीही तेवढीच होती.

आलापल्ली सोडल्यावर, पेरमिलीच्या अलीकडे टायर फुटला आणि स्टेपनीतही हवा नसल्याचे तेव्हाच कळले (हा दोष सर्वस्वी माझा). मोबाइलला रेंज नव्हती. मोटारसायकलवरून चाललेल्या दोन तरुणांनी आपणहून स्टेपनी मांडीवर घेतली, आलापल्लीहून हवा भरून दीड तासाने परत आणली आणि पेट्रोलचे पैसेही नाकारले. तोवर रस्त्याकडेच्या घरातील माडिया आदिवासी आजींनी माझ्या आईला बाजेवर बसवून पळसाच्या द्रोणात बोरे दिली. एकमेकींची भाषा कळत नसतानाही दोघी बराच वेळ हसत बोलत होत्या.

त्यांच्यामुळेच आम्हाला हेमलकशाचा लोकबिरादरी प्रकल्प आणि पर्लकोटा, पामुलगौतमी व इंद्रावती यांचा संगम पाहता आला. तिकडे जावे का, असे आता अनेक जण विचारतात. जरूर जावे, मात्र पावसाळा टाळावा, कारण पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, आणि पुराने वाट अडणे म्हणजे काय, हे आमच्या सांगलीत कृष्णेवरील आयर्विन पुलाजवळ राहणाऱ्यांना वेगळे सांगायला नको.

नावे विचारायची राहून गेली. त्या दोन तरुणांचे, आजींचे आणि गाडी थांबवून जॅक देणाऱ्या एसटी चालकांचे आम्ही सर्व कुटुंबीय मनःपूर्वक आभारी आहोत.