पॅरिश ऑफिसमधल्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

आमच्या पणजीच्या, रोझा परेराच्या, बाप्तिस्म्याची 1889 सालची नोंद तुमच्यामुळे हाती लागली. लिहिताना अजून भरून येतंय. म्हणून हे आभार चारचौघांत.

याआधी एका ऑफिसात सूचीत आडनाव बघितलं आणि ‘नाही’ म्हणून वही मिटली. अहो, त्या काळच्या पोर्तुगीज वह्यांची सूची बहुतेक बाळाच्या नावावर लावलेली असते! रोझा परेरा ‘प’खाली मिळायचीच नाही, ती ‘र’खाली. आडनाव नोंदीत पुढे, बापाच्या नावाला लागून येतं. सूचीत नसेल, तर अंदाजे जन्मसालाच्या मागची-पुढची दोन-दोन वर्षं पानोपान चाळायची. तेवढी तसदी कुणी घेतली नाही.

तुम्ही घेतलीत. पान अवघड होतं. लोहयुक्त शाई कागदाला खात जाते, त्यात वसईची दमट हवा. मागच्या पानावरची अक्षरं पुढच्या ओळींत उतरून सगळा गुंता झालेला. तुम्ही काही न बोलता पानाखाली एक काळा कागद सरकवलात. मागची अक्षरं फिकी पडली आणि रोझाच्या आईचं नाव स्वच्छ वाचता आलं. तो कागद कुणी मागितला नव्हता, ताई. समोरच्याचं काम आपलं मानणारी माणसं ऑफिसांत आहेत, हे त्या क्षणी दिसलं, आणि सगळ्या नोंदीपेक्षा तेच जास्त मनात राहिलंय.

तारखेलाही तुम्ही थांबलात. ‘7ब्रो’ दिसलं की जुलै लिहून मोकळे होणारे पुष्कळ आहेत. तो सप्टेंबर, कारण लॅटिनमध्ये ‘सेप्टेम’ म्हणजे सात; तसाच 8 चा ऑक्टोबर, 9 चा नोव्हेंबर आणि ‘एक्स’चा, म्हणजे रोमन दहाचा, डिसेंबर. ही चूक वंशावळीत शिरली की बाप्तिस्मा जन्माच्या आधी पडतो आणि पुढचं सगळं गणित फिसकटतं. गावात एकाच नावाचे दोन-तीन बाप असतात, म्हणून आजी-आजोबांची आणि धर्ममाता-धर्मपित्यांची नावंही तुम्ही उतरवून दिलीत. माणूस ओळखायचा तो त्यांच्यावरूनच.

आणि समास! नोंद वाचून झाली की लोक वही बंद करतात. 1908 पासून लग्नाची नोंद बाप्तिस्म्याच्या नोंदीशेजारी करायचा नियम आला, त्यामुळे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जन्मलेल्यांचं लग्न कधीकधी तिथेच सापडतं. रोझाचं सापडलं: 1909, मुंबई. शोध मुंबईला गेल्यावर पाद्रोआदो (पोर्तुगालच्या आश्रयाखालची) आणि प्रोपागांडा (थेट रोमच्या हाताखालची), दोन्हींकडच्या चर्चमध्ये विचारा, 1928 पर्यंत तिथे दोन वेगळ्या सत्ता होत्या, एका वहीत नाही म्हणून थांबू नका, हेही तुम्हीच बजावलंत.

मुंबईला चौकशी सुरू झालीय. लग्नाची नोंद मिळाली की समासासकट अख्ख्या पानाचा फोटो पहिल्यांदा तुम्हाला पाठवू.

आपले ऋणी,
रोझाचा सगळा गोतावळा