प्रिय दोस्ता

प्रिय दोस्ता,

तू फोनवर विचारलंस की अरे तू तर ख्रिसमस सोडला तर चर्चची पायरी चढत नव्हतास, आता दर रविवारी भायखळ्याला कसा काय, आणि मी कायतरी बोलून विषय बदलला. फोनवर सांगण्यासारखं नव्हतं ते. आज घरी कोणी नाही म्हणून लिहायला बसलोय, लांबणार आहे, पण वाच.

प्रेसचं तुला माहितीच आहे. लोअर परळचा गाळा, सेकंडहँड फोरकलर मशीन, पार्ट्या मी सांभाळायच्या आणि मशीन धाकट्याने. निम्म्याहून जास्त धंदा लग्नपत्रिकांचा. मार्च २०२० चा लॉकडाऊन नेमका लग्नसराईच्या तोंडावर लागला, छापून बांधून ठेवलेल्या पत्रिका न्यायला कोणी आलं नाही आणि कागदवाल्याचं देणं मात्र तसंच उभं. सहा महिने हप्ते थांबवायची सवलत मिळाली पण व्याज चालूच होतं, ते मुद्दलावर चढत गेलं. मग लग्नं सुरू झाली ती पन्नास माणसांत, आमंत्रणं व्हॉट्सॲपवर. धंदा बसला तो असा, कोणाला बोल लावायलाही जागा नाही.

धाकटा मात्र जमेल तेव्हा गाळ्यावर जायचाच. मशीन बंद राहिली की रोलरवर शाई सुकते आणि मग रोलर गेलेच समज. तो रोलर धुवायचा, मशीन थोडा वेळ रिकामीच फिरवायचा, आणि एखाद्या जुन्या शीटवर भिंग ठेवून रजिस्ट्रेशन बघत बसायचा, रंग केसाएवढा सरकलेला असला तरी त्याला दिसायचा. मी म्हणायचो कशाला रे आता, तर म्हणायचा दादा, ऑर्डर आली तर मशीन तयार पाहिजे ना.

एप्रिल २०२१ मध्ये तो गेला. बेड, ऑक्सिजन, रात्रभरचे फोन, त्यातलं काही परत लिहवत नाही. शिवडीच्या दफनभूमीत मोजकी माणसं, किट घातलेले लोक, पाळकसाहेब लांब उभे राहून वाचतायत आणि मास्कमुळे अर्धे शब्द ऐकूच येत नाहीत. बाहेर आलो तर तू फुटपाथवर बसलेला. मीही बसलो. तू एक शब्द बोलला नाहीस, ना धीर दिलास ना देवाची इच्छा म्हणालास, नुसता अंधार पडेपर्यंत बसून राहिलास. त्याबद्दल तुला कधी काही बोललो नाही, आज बोलतो, दोस्ता, त्या दिवशी मला तेवढंच सहन होणार होतं.

नंतर आईच्या बायबलमधलं ईयोबाचं पुस्तक वाचायला घेतलं. सात हजार मेंढरं, तीन हजार उंट, बैलांच्या पाचशे जोड्या, पाचशे गाढवं, आणि एका दिवसात सगळं गेलं, त्याच दिवशी दहा मुलंही गेली. धंदेवाल्या माणसाला ती यादी स्टॉक रजिस्टरसारखीच वाचता येते रे. त्याचे मित्र येतात आणि सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसतात, कोणी काही बोलत नाही. मला तूच आठवलास. ते बोलायला लागतात तिथून सगळं बिघडतं, कारण प्रत्येकाला सिद्ध करायचं असतं की तुझंच काहीतरी पाप असणार. माझ्याकडेही असे आले होते, नातेवाईकच. आणि ईयोब गप्प बसत नाही, देवाशी भांडतो, माझा गुन्हा दाखव म्हणतो. मलाही हिशेबच पाहिजे होता, धंदा गेला तो गेला पण धाकटा का? देव हिशेब देतच नाही. तो वावटळीतून उलट विचारतो, मी पृथ्वीचा पाया घातला तेव्हा तू कुठे होतास? आधी संतापच आला. पण बऱ्याच रात्री तेच पान वाचल्यावर जाणवलं की उत्तर मिळालं नाही तरी तो बोलतोय, निघून गेलेला नाही. शेवटी ईयोबाला मेंढरं दुप्पट मिळतात, मुलं मात्र परत दहाच. पहिली दहा गेली ती गेलीच. म्हणून विश्वास ठेवा, सगळं दुपटीने मिळेल असं स्टेजवरून सांगणारे लोक मला बघवत नाहीत.

नम्रतेचं म्हणशील तर ती मला नुकसानीने आली नाही. नुकसानीने मी फक्त कडवट झालो. मशीन दलालामार्फत गेली, पैसे बँकेकडे गेले, त्यानंतर एका संध्याकाळी आमच्या प्रेसवरचे मामा घरी आले, तेच, धाकट्याच्या हाताखाली प्लेट लावायचे ते. त्यांचा शेवटचा पगार मी अर्धाच देऊ शकलो होतो. हातात गावच्या उकड्या तांदळाची पिशवी आणि खिशात घडी घातलेलं पाकीट. मी नाही म्हणत राहिलो, उभाच राहिलो, तर म्हणाले, "शेठ, ठेवा. हिशेब नको." आयुष्यभर मी देणारा होतो रे, दिवाळीला बोनस, कोणाच्या पोराची फी, आणि ज्याचं माझ्याकडे येणं होतं तो माणूस मला देत होता. घेतलं. घेताना मान वर होईना.

त्या रात्री योहानाचा तेरावा अध्याय वाचला. येशू कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतो आणि पेत्र म्हणतो, माझे पाय तू कधीच धुवायचे नाहीस. लहानपणी वाटायचं केवढा नम्र हा पेत्र. आता दिसतं की त्याला घेणं जड जात होतं. आणि येशू त्याला सरळ सांगतो की धुऊ दिले नाहीस तर माझ्यात तुझा वाटा नाही. मी जमिनीवर बसूनच प्रार्थना केली, मोडकीतोडकी, बऱ्याच वर्षांनी. दुसऱ्या रविवारी चर्चला गेलो.

तुझ्या घरात माळकरी माणसं, म्हणून हेही सांगतो. तुकोबांचंही दुष्काळात दिवाळं निघालं, बायको गेली, मुलगा गेला, आणि ते म्हणतात बरंच झालं. आमचे कवी रेव्हरंड ना. वा. टिळक, त्यांनी १८९५ मध्ये मुंबईतच बाप्तिस्मा घेतला, आणि आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं ते म्हणायचे. चर्चमध्ये त्यांची भजनं सुरू झाली की मला तुमच्या घरची एकादशी आठवते, काकू टाळ घेऊन बसलेल्या. काकूंना यातलं वाचून दाखव. धाकटा गेला हे बरं झालं असं मात्र मला म्हणता येत नाही, आणि देवालाही मी तसं सांगत नाही.

आता वसईला दुसऱ्याच्या प्रेसमध्ये नोकरी करतो, शिफ्टची. कर्ज हळूहळू फिटतंय. पाळकसाहेब उपासनेत विचारतात कोणासाठी प्रार्थना करायची, तर मी उभा राहून आमच्या घराचं नाव सांगतो.

आणि एक काम आहे. पुतणी यंदा दहावीला, गणितात अडकते, भूमितीत जास्त. क्लासची फी मला या वर्षी झेपणार नाही. तुझं गणित आपल्या वर्गात सगळ्यात चांगलं होतं. शनिवारी दुपारी येऊन तिला शिकवशील का? पुस्तकं आहेत तिच्याकडे, तू फक्त वेळ कळव.

तुझाच